पांढरी पाच

कांचनने अर्धं लिंबू मिठात बुडवलं आणि झांजेच्या पाठीवर गोल गोल फिरवायला सुरुवात केली. सिंकवरच्या खिडकीतून मागचं अंगण दिसत होतं. डेकच्या पायऱ्यांशी उरलेला मळका बर्फ, त्यापलीकडे दोन घरांमधली झुडपांची रांग, आणि त्या रांगेतली ती फट. माणूस जरा आडवा झाला तर जाईल एवढी. गेल्या दोन वर्षांत दोन्हीकडच्या फांद्या एकमेकींकडे बऱ्याच सरकल्या होत्या.

मागे डायनिंग टेबलावर चारुताचा कॉल चालू होता. वॉशिंग्टनमधल्या एका संशोधन संस्थेत ती शेजारी देशांच्या व्यवहारांचा अभ्यास करायची. आत्ताच तीन आठवडे अँटवर्पला राहून आली होती आणि रिपोर्ट लिहायला मिशिगनमध्ये आईकडे नोव्हायला येऊन बसली होती. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"काय म्हणतायत तुझे दोन देश?" कांचनने मागे न वळता विचारलं. शेजारणीच्या सुनेची खबर विचारावी तसं.

"सेम ओल्ड. गाळावरून भांडतायत."

"गाळावरून?"

"नदीतला गाळ, आई. बघ, अँटवर्प आहे बेल्जियमचं. ह्यूज पोर्ट. पण तिथून समुद्राला जाणारी जी नदी आहे ना, स्केल्ट, तिचं तोंड नेदरलँड्समध्ये. म्हणजे समुद्रातून येणारी प्रत्येक मोठी बोट शेजाऱ्याच्या दारातून येणार. आणि गाळ काढायचा तर त्याला विचारून."

"आणि शेजाऱ्याचं स्वतःचं बंदर नाही?"

"आहे ना. रॉटरडॅम. त्याहून मोठं."

कांचनचा हात थांबला. "म्हणजे दोघांची दुकानं एकाच मालाची, आणि एकाची वाट दुसऱ्याच्या ओसरीतून."

"ओसरी म्हणजे?"

"पोर्च गं."

"हां. एक्झॅक्टली. मधे तर त्यांनी दार लावूनच टाकलं होतं. दोनशे वर्षं. अँटवर्प मरायला टेकलं होतं."

"दोनशे वर्षं!" कांचनने लिंबाचं साल सिंकमध्ये टाकलं, झांज नळाखाली धरली आणि पदराला हात पुसत वळली. "हे मी शनिवारी घेते."

"कशात घेतेस?"

"उत्तररंगात."

चारुताने लॅपटॉप अर्धा मिटला. "आई, नो. इट्स नॉट अ स्टोरी. यात कोणी चांगलं नाही, कोणी वाईट नाही. नुसत्या मीटिंगा घेतात."

"पण यात देव कुठे भेटतो, तेवढं सांग. बाकीचं मी बघते."

"देव नाहीये. कमिटी आहे."

"चालेल," कांचन म्हणाली. "कमिटीतही असतो तो. नाहीतर आपलं मंडळ इतकी वर्षं टिकलं असतं का?"

कांचन व्यवसायाने कीर्तनकार नव्हती. मोटारींचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत तिने सगळी नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झाली. पण मिरजेला कीर्तनकार आत्याच्या मागे उभं राहून लहानपणी जे कानात साठलं होतं, ते मिशिगनच्या थंडीतही गोठलं नाही. मंडळाच्या कार्यक्रमात एकदा कुणाचं तरी नाटक रद्द झालं म्हणून ती उभी राहिली, आणि तेव्हापासून दर चैत्रात उभी राहत आली. पूर्वरंगात एखादा अभंग घ्यायचा, त्याचा अर्थ उलगडायचा. मग मध्ये नामाचा गजर, कीर्तनकाराला बुक्का आणि हार. आणि उत्तररंगात गोष्ट. गोष्टी मात्र तिच्या जिथून मिळतील तिथून यायच्या. ब्रेकवरून तिने संयम सांगितला होता. मिशिगनच्या तळ्यांत शिरलेल्या परदेशी माशांवरून लोभ सांगितला होता. मुलं पुढे बसून ऐकायची. कारण काकू काय बोलेल त्याचा नेम नसायचा.

आणि या सगळ्यात डाव्या हाताला, किंचित मागे, पेटी घेऊन लतिका बसलेली असायची.

"लतिकामावशीच्या यार्डात सोल्डचा बोर्ड लागलाय," चारुता म्हणाली. ती लॅपटॉपकडेच बघत होती.

"बघितला."

"ती वेस्ट कोस्टला चाललीये, बॉथेलला. मुलाकडे, वेदकडे. कायमची."

"कळलं. मंडळाच्या ग्रुपवर आलं होतं." कांचनने दुसरी झांज उचलली. लिंबू तिने टाकून दिलं होतं हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा ती कोरड्या फडक्यानेच ती घासू लागली.

घराला घर लागून तीस वर्षं काढली, आणि ती जाणार हे ग्रुपवर कळलं. हे चारुताला बोलून दाखवायचं काही कारण नव्हतं. तिलाही ते दिसत होतं.

कांचन पहिल्यापासून काळी चारमध्ये गायची. पेटीवरची ती काळी पट्टी म्हणजे तिच्या आवाजाचं घर. लतिकाने "कोणता स्वर?" असं तिला कधी विचारलंच नाही, ती बसायची, भाता हलवायची, आणि तोच स्वर यायचा. काळी चारच्या लगेच खाली पांढरी पाच, तिच्या लगेच खाली काळी तीन. एकेका पायरीचं अंतर अर्ध्याच सुराचं. पण गळ्याला ते जिन्याच्या पायरीएवढं जाणवतं, आणि वय झालं की पायऱ्या आणखी उंच होत जातात.

दोन वर्षांपूर्वीच्या कीर्तनात पूर्वरंग संपेपर्यंत कांचनचा घसा ताणून दुखायला लागला होता. वरचा षड्ज लागताना तिने डोळे मिटले होते, आणि ते भक्तीने नव्हे. पण गजर झाला, हार पडला, आणि उत्तररंगाला काय झालं कोण जाणे, आवाज मोकळा झाला. शेवटच्या पदाला लोक हेलावले. किती जणांनी येऊन हात हातात घेतले. "काकू, आज काय आवाज लागला होता!" घरी येताना गाडीत ती गप्प बसली होती, कारण बोललं तर ते निसटेल असं वाटत होतं.

आठवड्याने तबला वाजवणारा राजस खुर्च्या परत द्यायला आला. सॉफ्टवेअरमधला, मनाचा साधा मुलगा. "काकू, त्या दिवशी मावशींनी मध्येच खूण केली ना, मी गजरात तबला अर्धा सूर उतरवला. पांढरी पाच. कोणाला पत्तासुद्धा लागला नाही!" तो स्वतःच्या हातावरच खूश होता.

कांचनने त्याला चहा दिला. तो गेल्यावर फोन केला.

"तू मला विचारलं का नाहीस?"

पलीकडे लतिकाने आधी नळ बंद केला. मग म्हणाली, "विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

कांचनने फोन ठेवला. भांडण असं म्हणावं तर एवढंच. पण त्यानंतर सकाळी झुडपांच्या फटीतून लतिका आली नाही. त्याआधी ती रोज यायची. कांचन पहाटे खर्जाचा रियाज करायची, आणि लतिका कोटावर शाल गुंडाळून, स्नोबूट घालून, पेटीवर नुसता सा धरून बसायची. कांचनचे यजमान हेमचंद्र गेले त्या महिन्यात तर कांचनच्या तोंडून सूर सोडाच, शब्द फुटत नव्हता. तेव्हाही लतिका येत होती. सांत्वनाचं एक वाक्य बोलली नाही. सा धरायची, चहा प्यायची, जायची. एके सकाळी कांचनने तो सा घेतला, तेव्हा लतिका खिडकीबाहेर बघत राहिली होती.

आता कांचन टॅबलेटवरच्या तानपुऱ्यावर कीर्तन करायची. तो बिचारा कधी काही चुकवत नसे.

संध्याकाळी वरणभात झाल्यावर कांचनने टेबलावरच उत्तररंगासाठी साकी, दोन ओळींचं पद, रचायला घेतली. बोटांनी टेबलावर झांजेचा ठेका धरून ती पुटपुटत होती.

"ऐक. 'दार तुझे पण नदी आमुची, नाव आमुची जाई'—"

"डच लोकांना चालणार नाही," चारुता ताटातली लिंबाची फोड बोटाने फिरवत म्हणाली. "नदी आमुची म्हटलंस की ते टेबलावरून उठले. तोच तर डिस्प्यूट आहे."

"मग काय म्हणू?"

"शेअर्ड काहीतरी म्हण. जॉइंट."

कांचनने डोळे मिटले, बोटांवर मात्रा मोजल्या. "'दार तुझे, जळ दोघांचे हे, नाव आमुची जाई.' बसतंय. आता पुढे सांग. दार लावलं, मग उघडलं. आता गाळावरून वाद. मग यांचं चालतं कसं?"

"असं फार स्वीटली नाही चालत. हे गाळ काढू द्या म्हणाले. ते म्हणाले, देतो, पण त्याने नदीचं नुकसान होतं, मग आपण थोडी जमीन नदीला परत देऊ. सही झाली. आणि मग डच लोकांनाच ते देववेना. आई, ती जमीन त्यांच्या पणजोबांनी समुद्रातून काढलेली. बांध घालून. ती पाण्यात सोडायची, आणि तीही शेजाऱ्याच्या बोटींसाठी? लोक रडत होते टीव्हीवर. सरकारं बदलली, पुन्हा पुन्हा पुढे ढकललं. बेल्जियम चिडलं. सगळं मिळून पंधरा-सतरा वर्षं गेली."

"आणि तोपर्यंत बोटी?"

"बोटी चालूच. तीच तर गंमत. नदी फार वाकडी आहे, वाळूचे दांडे सरकतात. त्यामुळे प्रत्येक मोठ्या बोटीवर एक पायलट चढतो, वाट दाखवायला. काही पायलट बेल्जियमचे, काही डच. दोघे त्याच पाण्यात. मिनिस्टर बोलत नव्हते तेव्हाही पायलट रोज कामावर जात होते."

"वाटाडे," कांचन म्हणाली. तिची बोटं पुन्हा हलायला लागली. "'भांडण चाले दोन घरांचे, वाटाड्या परि येई.'" मग ती थांबली. "आणि मिटवायचं असलं की काय करतात? कोण आधी येतो?"

"कोणीच येत नाही. सॉरी तर नेव्हर. सॉरी म्हटलं की घरी लोक हसतात." चारुताने ताट बाजूला सारलं. "ते टेक्निकल प्रश्न विचारतात. अमुक ठिकाणी पाणी किती खोल आहे, तुमची नवीन मोजमापं पाठवता का. एकदम बोरिंग पत्र. पण समोरच्याने उत्तर दिलं ना, की झालं. दे आर टॉकिंग."

कांचन उठली. ताटं उचलून सिंककडे गेली. अंधार पडायला लागला होता. पलीकडच्या स्वयंपाकघरात दिवा होता आणि कपाटांची दारं उघडी दिसत होती. आतली भांडी गेली होती.

तिने हात कोरडे केले, फोन घेतला, चष्मा शोधला. मग एका बोटाने लिहिलं: 'शनिवारी कीर्तन आहे. पेटीला कोणी नाही.'

चारुता मागून वाचत होती. "प्लीज वगैरे?"

"बोरिंग पाहिजे म्हणालीस ना?"

उत्तर यायला ताटं धुऊन होईपर्यंत वेळ लागला. 'शनिवारी मूव्हर्स आहेत. बघते.'

"'बघते' म्हणजे येस की नो?" चारुताने विचारलं.

"ते तुझ्या देशांत नसतं," कांचन म्हणाली.

शनिवारी देवळाच्या तळघरातल्या हॉलमध्ये जाजमं पसरली गेली, मागे खुर्च्या लागल्या. कांचन नऊवारी नेसून, कमरेला उपरणं बांधून उभी होती. राजसने तबला काढून त्यावर थाप दिली; काळी चार. त्याने दरवर्षीप्रमाणे तोच लावून आणला होता. शेजारी टॅबलेटही चार्ज करून ठेवला होता, कारण पेटीची जागा रिकामी होती.

मंडळाची अध्यक्ष आसावरी घड्याळाकडे बघत आली. "काकू, सुरू करायचं ना? पोरं आत्ताच समोशांकडे बघायला लागलीयेत."

"पाच मिनिटं थांब."

"कोणी यायचंय का?"

"बघू."

दार उघडलं तेव्हा बाहेरची थंड हवा आत आली आणि तिच्यामागून लतिका. अंगात जाड जॅकेट, केस विस्कटलेले, हातात चाकांची बॅग, तिच्यावर पट्ट्याने आवळलेली पेटी. लोकांनी वाट दिली. ती चालत आली, जाजमापाशी बूट काढले, पेटीला हात जोडले आणि बसली. कांचनकडे तिने बघितलं नाही. "ट्रकवाले पेटी आधी चढवत होते," ती राजसला म्हणाली. "उतरवून घेतली."

मग तिने भात्याचा खटका सोडला, आणि बोटं पट्ट्यांवर न ठेवताच मान वर केली.

"कोणता स्वर?"

कोणीही वादक कोणाही गायकाला विचारतो, तेवढ्याच सहजपणे तिने विचारलं. कांचनला मात्र तो प्रश्न कानशिलाशी लागल्यासारखा लागला. तीस वर्षांत हा प्रश्न त्या दोघींमध्ये आलेला नव्हता. राजस हातोडी धरून खाली बघत होता. आसावरी जवळच उभी होती. पहिल्या रांगेतल्या दोन बायका बोलायच्या थांबल्या होत्या.

कांचनने उपरण्याची गाठ पुन्हा घट्ट केली.

"काळी तीन," ती म्हणाली.

"काळी तीन?" आसावरीच्या तोंडून निघून गेलं.

"हो. आवाज उतरलाय आता." हे कांचन आसावरीला म्हणाली, पण जरा मोठ्याने.

लतिकाचा हात भात्यावर होता. "बरं," ती म्हणाली. राजसने पिशवीतून खालच्या सुराचा दुसरा तबला काढला.

पूर्वरंग सुरू झाला. काळी तीनवर वरचे स्वर तिला विनासायास लागत होते. डोळे मिटायचं कारण पडलं नाही. ती मोकळेपणाने बोलली, मुलांना दोनदा हसवलं, अभंगाच्या एका शब्दावर बराच वेळ रमली. पण ओळ खाली उतरली की सूर छातीत बुडायचा आणि शेवटची अक्षरं ऐकू यायची नाहीत. मागच्या खुर्च्यांवरच्या एका आजोबांनी हात कानामागे नेला. तिने ते पाहिलं. पेटीही खालच्या स्वरांवर जरा भरून वाजत होती, जणू तिचा पाय घसरू नये म्हणून कोणी हात पुढे केला आहे.

पूर्वरंग संपला, गजर सुरू झाला. सगळा हॉल टाळ्यांनी भरला. आसावरी बुक्का आणि हार घेऊन पुढे आली. कार्नेशनच्या फुलांचा हार, मंडळाच्या बायकांनी सकाळी ओवलेला, अजून फ्रिजचा गारवा असलेला. कीर्तनकार ज्या जागी उभा राहतो ती नारदांची गादी. तिथून खाली वाकायचं नसतं, मागे वळायचं नसतं. लोक येऊन वाकत होते. कांचन ज्याच्या त्याच्या डोक्यावर हात ठेवत होती.

पेटी थांबली. आणि टाळ्यांच्या खालून तिला आवाज आला. टक. टक. टक. राजसची हातोडी तबल्यावर पडत होती.

पुन्हा. पुन्हा न विचारता. काळी तीनही मला जड झाली का? एवढं सगळ्यांसमोर बोलून, एवढं स्वतः उतरून, तरी आणखी खाली?

ती वळू शकली असती. एक शब्द पुरला असता. गादीचा नियम तिनेच पूर्वी एक-दोनदा मोडला होता, पंखा बंद करायला सांगण्यासाठी. तिच्यासमोर एक लहान मुलगी वाकली होती. कांचनचा हात तिच्या केसांवर जरा जास्त वेळ राहिला. मागे हातोडी अजून चालू होती. टक. मग बोटाने थाप, ऐकणं, पुन्हा टक.

तिने झांज उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. गळ्यातला हार सरळ केला. आणि पुढेच बघत, गजर संपायची वाट बघत उभी राहिली. जिथे लावतील तिथून गायचं.

गजर ओसरला. भाता हलला आणि पेटीने सा दिला.

तो खाली नव्हता.

कांचनने तो घ्यायच्या आधीच गळ्याने ओळखला. अर्धा सूर वर. पांढरी पाच. त्या संध्याकाळी जिथे उभी राहून ती गायली होती, लोकांनी हात हातात घेतले होते, तीच जागा. तेव्हा तिला वरून तिथे उतरवलं होतं. आज खालून वर घेतलं होतं. स्वर तोच होता.

तिने सा लावला. तो लागला, भिंतीपर्यंत गेला आणि परत आला. मागच्या आजोबांनी कानामागचा हात खाली घेतला. तेव्हा मात्र तिने डावीकडे पाहिलं. लतिका पट्ट्यांकडे बघत होती, अगदी लक्ष देऊन, जणू त्या आज पहिल्यांदाच दिसत आहेत. राजस हातोडी मांडीखाली सरकवत होता.

मग कांचनने गोष्ट सांगितली. दोन घरं, समोरासमोर दोन दुकानं, आणि एकाच्या ओसरीतून दुसऱ्याची वाट. दोनशे वर्षं लावलेलं दार तिने असं सांगितलं, की पुढची मुलं हॉलच्या दाराकडे बघायला लागली. समुद्रातून काढलेल्या जमिनीपाशी ती थांबली. "आपल्याला वाटेल, द्यायची की एवढीशी जमीन! पण ज्याने बांध घातलाय ना, त्याला विचारा. आपलं म्हणून जे जपलं, ते आपल्याच हाताने पाण्यात सोडायचं. एवढी वर्षं लागली त्यांना, लागणारच." हे ती जरा हळू बोलली. मग झांज वाजली, आणि तिने साकी उचलली:

*दार तुझे, जळ दोघांचे हे, नाव आमुची जाई ।*
*भांडण चाले दोन घरांचे, वाटाड्या परि येई ॥*

दुसऱ्या ओळीला तिचा आवाज वर चढला आणि पेटी त्याच्या बरोबर गेली. पुढे नाही, मागे नाही. "परि येई" तिने तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा शब्द सोडून दिले आणि नुसता सूर ठेवला. खुर्चीवर बसलेल्या चारुताने मांडीवरचा फोन उलटा करून ठेवला.

"हू वॉन?" समोरून एका मुलाने विचारलं. "शेवटी कोण जिंकलं, आजी?"

"अजून मीटिंग चालू आहे," कांचन म्हणाली, आणि हॉल हसला.

आरती झाली, समोसे झाले. लोक बाहेर पडले तेव्हा पार्किंगमध्ये ऊन कलतं होतं आणि वितळलेल्या बर्फाचे ओघळ गाड्यांखालून वाहत होते. चारुताने झांजा, उपरणं, टॅबलेट सगळं डिकीत ठेवलं. लतिकाची गाडी शेजारीच होती. तिने पेटी मागच्या सीटवर ठेवून तिला सीटबेल्ट लावला, आणि बेल्ट नीट बसला की नाही ते दोनदा ओढून पाहिलं.

कांचन हार हातात घेऊन उभी होती. दोघींच्या मध्ये एक पाण्याचं डबकं होतं.

"तिकडचं घड्याळ तीन तास मागे," लतिका म्हणाली.

"हं."

"खर्ज अजून पाचलाच लावतेस?"

"पाचला."

"म्हणजे माझे दोन वाजलेले."

"मग झोपावं माणसाने."

"झोप कुठे लागते. पण वेद आणि त्याची बायको झोपलेली असतात. पेटी कशी काढणार?"

कांचनने हारातलं एक सुटलेलं फूल पुन्हा दोऱ्यात खोचलं. "मी आठला लावीन."

"आठला तुझा खर्ज लागत नाही. चहा झालेला असतो तुझा."

"चहा नंतर घेईन."

"तू? चहा नंतर?"

"सातला मग."

"सात म्हणजे माझे चार." लतिकाने जॅकेटची चेन वर ओढली, पुन्हा खाली ओढली. "गॅरेजमध्ये बसू शकते मी. त्यांचं गॅरेज मोठं आहे."

"गॅरेजमध्ये पेटी नेऊ नकोस. तिकडे सारखा पाऊस. रीडला गंज चढेल."

"मग कुठे बसू, सांग."

"कपड्यांचं मोठं कपाट असेल ना? चालत आत जातात तसलं. कोट असतात, आवाज बाहेर जात नाही."

"कपाटात बसून सा धरू?"

"मी काय म्हणते, साडेसात कर."

"साडेसात जमेल का तुला? प्रामाणिकपणे सांग. काळी तीनमध्ये?"

"स्वर तू ठरव," कांचन म्हणाली.

लतिकाने पहिल्यांदा वर बघितलं. मग पुन्हा डबक्याकडे. "रविवारी मात्र उशिरा," ती म्हणाली. "रविवारी ते लोक उठतच नाहीत."

"रविवारचं वेगळं बोलू."

पार्किंग रिकामं होत चाललं होतं. चारुता डिकी बंद करायला आली. झाकणाला हात घालून तिने ते अर्ध्यावर आणलं, आणि तसंच धरून, आवाज न करता, उभी राहिली.